अंग कुणाच्या कामात चोरायचं?

दोस्तांनो, आपल्या बैठकांत एक शब्द फार बोकाळलाय : 'बघू'. त्याचे दोन सख्खे भाऊ आहेत, 'करू' आणि 'उद्या'. तहसीलदाराला निवेदन द्यायचंय? बघू. वस्तीतल्या पोरांचा अभ्यासवर्ग? करू की. अंकाला मजकूर? उद्या नक्की. रात्री अकरापर्यंत आपण ब्राह्मणशाही आणि भांडवलशाहीची चामडी लोळवतो, मग टपरीवर जाऊन कटिंग मारतो, आणि निवेदन कुणाच्या तरी पिशवीत घडी होऊन पडतं. ह्यावर आपल्यात कुणी लिहीत नाही. लिहिलं तर शत्रूच्या हातात काठी दिल्यासारखं होईल अशी धास्ती असते. ते आधीच म्हणतायत हे लोक आळशी, त्यात आपण कशाला भर घाला?

मला वाटतं बोललं पाहिजे. मात्र आधी त्या आळसाच्या आरोपाचा निकाल लावून टाकू, म्हंजे पुढं मोकळेपणानं बोलता येईल.

आळशी कोण? ज्यांचा नांगर दुसऱ्यानं धरला, ज्यांचं मेलेलं ढोर दुसऱ्यानं ओढून नेलं, ज्यांच्या सरणाची लाकडंसुद्धा दुसऱ्यानं फोडली, त्यांनी आपल्याला आळशी म्हणायचं? पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या घामावर बसून ज्यांनी मोक्षाच्या गप्पा मारल्या त्यांच्या रिकामपणाला 'चिंतन' असं नाव आहे. तो झोपाळ्यावर पडला तर चिंतन, आपण पाळी करून येऊन ओट्यावर टेकलो तर कामचुकारपणा. ही भाषाच जातीची आहे. आज तीच भाषा ऑफिसात 'सरकारी जावई' म्हणून बोलली जाते. हा आरोप आपण घेत नाही. विषय संपला.

आता आपला विषय.

आपल्या आज्या-पणज्याकडं वेळ नावाची वस्तूच नव्हती. वतनदार महाराला दिवस स्वतःचा नव्हता, रात्रही नव्हती. सरकारी कागद पोचव, वसुलीचा पैसा तालुक्याला ने, परगावी मयतीचा सांगावा ने, चावडीवर उभा राहा. हाक कधी येईल त्याला धरबंद नाही. तो घरी नसला तर त्याच्या घरातला दुसरा कुणी ओढून नेणार. आणि हे सगळं कशासाठी, तर तुकडाभर इनाम जमीन आणि बलुत्याची भीक. १८७४ च्या वतन कायद्यानं ह्या गुलामीला सरकारी शिक्का मिळाला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यात दुरुस्ती करणारं बिल आणलं. वतनं कायद्यानं संपली ती १९५८ च्या कायद्यानं, म्हंजे तीस वर्षांनी, आणि तोवर बाबासाहेब जाऊन दोन वर्षं होत आली होती.

अशा वेठीत माणूस काय करील? अंग चोरील. सांगावा न्यायला निघेल आणि वाटेत झाडाखाली टेकेल. 'जातो जी' म्हणेल आणि उन्हं कलल्यावर निघेल. ह्यात पाप काय आहे? मी म्हणतो, पुण्य आहे. ज्या कामात तुझा हक्क नाही, मोल नाही, मान नाही, त्या कामात तू जितकं अंग चोरशील तितका तू माणूस म्हणून शिल्लक राहशील. पाटलाच्या कामातली चालढकल ही आपल्या बापजाद्यांची पहिली हरताळ समजा. मोर्चा नव्हता, युनियन नव्हती, बावटा नव्हता, तेव्हा त्या माणसाच्या हातात एवढंच होतं : उशीर करणं.

भानगड इथून पुढं सुरू होते. वेठ गेली, वतन गेलं, माणसं गाव सोडून गिरणीत, रेल्वेत, गोदीत आली. हत्यार मात्र हातात तसंच राहिलं. ते कधी आपल्याच कामावर चालायला लागलं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाटलाच्या कामात चोरलेलं अंग पाटलाचं नुकसान करायचं. आपल्या कामात चोरलेलं अंग कुणाचं नुकसान करतं?

आमच्या भागातली गोष्ट आहे. एका म्हातारीचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज एका कार्यकर्त्याकडं होता. महिन्याला १५०० रुपये मिळायचे. पोरगा मनानं सोन्यासारखा, यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा, घरचं खाऊन चळवळ करणारा. अर्ज भरला होता, एक दाखला तेवढा जोडायचा होता. आज जातो, उद्या जातो, असं करता करता तीन महिने गेले. तेवढ्यात दुसऱ्या दाखल्याची मुदत संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तीन महिन्यांचे ४५०० रुपये गेले. ह्या काळात त्यानं दोन सभांत भाषणं केली, चांगली केली. म्हातारी त्याला रागानं काही बोलली नाही. 'बाळा, कागुद झाला का रं?' एवढंच विचारायची. तिनं जन्मभर कचेरीच्या खिडकीतून 'उद्या ये' ऐकलेलं. तिच्या कानाला हे काही नवीन नव्हतं. आपला पोरगा आणि तो खिडकीतला कारकून दोघांच्या तोंडात तिच्यासाठी एकच शब्द होता, ही गोष्ट मला रात्रपाळीतसुद्धा टोचते.

अशी किती कामं मोजायची. माहितीचा अधिकार २००५ साली आला. अर्ज टाकला, तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील टाकायचं असतं. किती जण टाकतात? अर्ज टाकतानाचा फोटो असतो, अपिलाची तारीख कुणाच्या लक्षात नसते. ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला आपला माणूस घाबरतो, आणि त्याच्यासोबत जाणारा कार्यकर्ता 'सकाळी जाऊ' म्हणतो. त्या एका रात्रीत गावचे चार पुढारी त्याच्या घरी येऊन बसतात. आणि पुढं कोर्टात आरोपीच्या वकिलाचा पहिला सवाल ठरलेला : फिर्याद द्यायला उशीर का झाला? पोलिसानं साठ दिवसांत तपास पुरा करून दोषारोपपत्र दाखल करावं, असं आज हा कायदा सांगतो. अनुसूचित जाती-जमातींचा नसलेल्या सरकारी नोकरानं ह्या कायद्याखालच्या कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केली तर कलम ४ खाली त्याला शिक्षा आहे. सरकारी माणसाच्या 'उद्या'ला कायद्यानं गुन्हा ठरवलंय. आपल्या 'उद्या'ला कुठलं कलम लावायचं?

कारण 'उद्या' हे ह्या व्यवस्थेचं सगळ्यात जुनं हत्यार आहे. ती आता 'नाही' म्हणत नाही. 'नाही' म्हटलं की माणूस उठतो. ती 'हो, पण उद्या' म्हणते. रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात पास झाला ऑगस्ट १९२३ मध्ये. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं ठराव केला, चवदार तळं खुलं. कागदावर सगळं झालं होतं. पाण्याला मात्र कुणी हात लावू शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नवीन हक्क मागितला नाही, चार वर्षं फायलीत झोपलेला हक्क उठवला. घटनेच्या ४५ व्या कलमात लिहिलं होतं, दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील. ती दहा वर्षं १९६० ला संपली. शिक्षण मूलभूत हक्क झाला २००२ च्या घटनादुरुस्तीनं, त्याचा कायदा झाला २००९ साली. मधल्या काळात किती पोरं वीटभट्टीवर आणि उसाच्या फडात म्हातारी झाली त्याचा हिशेब कोण देणार? आणि मराठवाडा विद्यापीठ! नामांतराचा ठराव विधिमंडळात पास झाला २७ जुलै १९७८ ला. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही 'नामविस्तार' म्हणून. ह्या सोळा वर्षांच्या 'उद्या'खाली पोचिराम कांबळे गेले, गौतम वाघमारे गेले, घरं जळाली, विहिरी बाटवल्या.

हे सगळं आपल्याला पाठ आहे. भाषणात आपण हे छाती पुढं काढून सांगतो. मग घरी येऊन आपण आपल्याच माणसाला तेच 'हो, पण उद्या' म्हणतो.

इथं कुणी म्हणेल, थांबणं म्हंजे काय दरवेळी चालढकल असते का? घाईनं केलेलं काम फुकट जातं. खरंय. बाबासाहेबसुद्धा थांबले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला पुन्हा सत्याग्रह करायला हजारो माणसं जमली होती, तुरुंगात जायची तयारी करून. त्याआधीच विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायला लोकांना राजी केलं. किती कठीण गेलं असेल ते! पण ह्या तहकुबीकडं नीट बघा. तिला कारण होतं आणि ते लोकांसमोर सांगितलं गेलं. जमलेली माणसं रिकाम्या हातानं गेली नाहीत, २५ डिसेंबरला तिथंच मनुस्मृती जाळली. आणि खटला सोडून दिला नाही. दहा वर्षं लढवला, १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ चं. एकवीस वर्षं! कुणी म्हणेल केवढी चालढकल. पण १९३६ च्या मे मध्येच मुंबईत परिषद घेऊन धर्मांतराचा विचार लोकांपुढं मांडला. मग अभ्यास, वाद, परिषदा, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज, आणि शेवटच्या वर्षांत धम्माचा ग्रंथ. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेची टाइप केलेली पानं त्यांनी उशाशी मागून घेतली होती. सकाळी ते नव्हते. ह्याला थांबणं म्हणायचं तर म्हणा. तहकुबीला कारण असतं, ते चारचौघांत सांगता येतं, आणि मधल्या दिवसांत हात चालू असतात. चालढकलीचं कारण विचारलं की माणूस विषय बदलतो.

मग आपल्या पोराला झालं होतं काय? तो आळशी नव्हता हे मी आधीच सांगितलं. बारा तास मागावर उभा राहणारा माणूस आळशी असू शकत नाही. धम्मात चित्ताची पाच नीवरणं सांगितलीत, म्हंजे चित्तावर पडणारी झाकणं. त्यातलं एक थीनमिद्ध, अंगाचा आणि मनाचा जडपणा. आळस तो हा. पण आणखी दोन आहेत. एक उद्धच्चकुक्कुच्च : चित्ताची चुळबुळ आणि केल्या-न केल्याची टोचणी. दुसरं विचिकिच्छा : शंका, हे खरं का, हे आपल्याला जमेल का. मला वाटतं चालढकलीचं घर ह्या दोघांत आहे, थीनमिद्धात नाही. तो पोरगा तहसीलला जायला घाबरत होता. कामाला नाही, त्या खिडकीला. तिथला कारकून एकदा त्याच्यावर सगळ्यांसमोर खेकसला होता. त्या खिडकीपाशी बारावी शिकलेला आपला पोरगाही त्याच्या आज्यासारखाच उभा राहतो, एक पाऊल मागं. मग तो उद्यावर टाकतो. एक दिवस टाकलं की टोचणी सुरू होते. टोचणी लागली की तो कागद डोळ्यासमोर नको वाटतो. शेवटी शेवटी तर तो म्हातारीच्या दारावरनं जायचं टाळायचा, मागच्या गल्लीनं फिरून जायचा. आता सांगा, जो माणूस अर्धा फर्लांग जास्त चालतो त्याला आळशी कसं म्हणायचं?

हेच भ्या लिहिणाऱ्यांत आहे. आपल्यात पाच-दहा पोरं अशी आहेत की ज्यांच्या डोक्यात कविता, कथा, आत्मकथन सगळं तयार आहे. कागदावर येत नाही. विचारलं की म्हणतात, अजून वाचन कमी आहे. भाषा कच्ची आहे. मार्क्स पुरा वाचायचाय, 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीतनं वाचायचंय, मग लिहीन. ऐकायला हे नम्रपणाचं वाटतं. मी ह्याला नम्रपणा मानत नाही. आपण चुकलो तर ते हसतील, ही ती भीती आहे. 'ते' म्हंजे कोण? ज्यांनी शुद्धलेखन आपल्या घरात जन्मलं म्हणून ज्ञानही आपल्याच घरचं असं ठरवलं ते. त्यांच्या हसण्याला आपण अजून इतकी किंमत देतो, की त्यापायी आपलं तोंड आपणच बंद ठेवतो. हा सोवळ्या-ओवळ्याचाच प्रकार झाला. कागद बाटेल म्हणून लांब उभं राहायचं.

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग मुलगी, वय चौदाच्या आसपास, शिकायला लागून तीन वर्षं झालेली. तीन वर्षं! आपल्यातला कुठला कार्यकर्ता आज तीन वर्षांच्या शिक्षणावर धर्माला जाब विचारायला उभा राहील? तिनं जर म्हटलं असतं की आधी पुरेसं शिकते मग लिहिते, तर तिचं नाव आज कुणाला ठाऊक असतं? अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची. 'फकिरा' आली १९५९ ला. १८८८ मध्ये जोतिरावांचं उजवं अंग लुळं पडलं, तेव्हा त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' डाव्या हातानं लिहिलं, ते छापून निघालं त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये. ही नावं मी पूजेसाठी घेत नाही. ह्या लोकांची तयारी पुरी झाली नव्हती, तरी त्यांनी सुरुवात केली, एवढंच दाखवायचंय.

पूजेवरनं आठवलं. १४ एप्रिलला ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. चांगला आहे, माझा विरोध नाही. पण त्यातनं एक भलतीच गोष्ट डोक्यात बसते, की अठरा तास जमले तर अभ्यास, नाही तर नाही. अठरा तास कुणाला जमतात? मग वर्षाचे बाकी दिवस पुस्तक बंद. बाबासाहेबांचे तास मोजून काय मिळणार? त्यांच्या कामाची रीत बघा. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून यावं लागलं. आले, नोकरी केली, सिडनेहॅममध्ये शिकवलं, पैसे साठवले, मध्येच १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' काढला, आणि त्याच वर्षी पुन्हा लंडनला गेले. तुटलं तिथून धरलं. अठरा तासांपेक्षा मला हे जास्त कामाचं वाटतं.

मोबाईलवर तर आता उपदेश करणाऱ्यांची जत्राच भरलीय. पहाटे पाचला उठा, थंड पाण्यानं आंघोळ करा, दिवसाची यादी करा, तुम्ही करोडपती. ह्या बाबांना तिसरी पाळी ठाऊक नाही. रात्री अकराला गिरणीत गेलेला माणूस पहाटे पाचला उठतच नाही, तो उभाच असतो. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एकाच गोष्टीवर उभं आहे, की तुझा वेळ तुझा आहे आणि तू तो विकून जास्त पैसे मिळव. आपल्याला कुठं ठाऊक नाही की वेळ कुणाचा असतो ते! बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ चे ४८ झाले. आठवड्याला सहा तास. ते सहा तास कुणी बाबा-बुवानं दिले नाहीत, कायद्यानं मालकाच्या हातून काढून घेतले. यंत्रमागाच्या शेडमध्ये अजूनही बारा तासांच्या पाळ्या चालतात, तिथं तो कायदा कधी पोचलाच नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ करायला मंजुरी दिली. म्हंजे मिळवलेला वेळ परत घ्यायला ते टपलेत. अशा वेळी आपल्या हातात जे दोन तास उरतात ते लुटून आणलेल्या मालासारखे आहेत. ते रील बघण्यात घालवले तर मालकाचं काम आपणच पुरं केलं की.

आणि हो, कार्यकर्त्यांची चालढकल ही बहुतेक पुरुषांचीच चालढकल असते. कुणाच्या आईला 'पाणी उद्या भरते' म्हणताना ऐकलंय? नळ पहाटे चारला येतो आणि पावणेपाचला जातो. तिला 'बघू' म्हणायची सोय नाही. आपण दहा वाजेस्तोवर क्रांतीवर विचार करत पडतो, कारण ती चारला उठलेली असते. आपल्या 'उद्या'चं ओझं तिच्या 'आज'वर पडतं. जयंतीच्या मंडपात तिला हळदी-कुंकवाऐवजी पुस्तक दिलं म्हणून हा हिशेब फिटत नाही.

आता एक सावधपण. चालढकल दिसली की लगेच त्या पोराला झापायला जाऊ नका. आधी काम कुणाचं आहे ते बघा. चळवळीतही वेठ असते. नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर बांध, त्याच्या गाडीमागं चार मोटारसायकली आण, त्याच्या पुतण्याच्या प्रचाराची पत्रकं वाट. ह्या कामात जर एखाद्या पोराचा हात जड होत असेल तर त्याचा हात त्याच्या डोक्यापेक्षा शहाणा आहे असं मी म्हणेन. तिथं खुशाल अंग चोरा. आज्याचं हत्यार तिथं अजून चालतं. नेते म्हणतील, पोरं पूर्वीसारखी राहिली नाहीत. म्हणू देत. पण मग त्याच पोरानं दुसऱ्या दिवशी म्हातारीचा अर्जही तसाच ठेवला, तर त्याला काम आणि वेठ ह्यांतला फरक कळलेला नाही, आणि तो कळवून देणं हे आपल्या अभ्यासवर्गाचं पहिलं काम असायला पाहिजे.

भगवान बुद्धांचा शेवटचा उपदेश अप्पमादाचा होता. 'धम्मपदा'त दुसरा वग्ग पुरा त्याच्यावर आहे. अप्पमाद म्हंजे जागं राहणं, गाफील न राहणं. गडबड करणं नव्हे. ह्याचा अर्थ मला पुस्तकापेक्षा रिंग खात्यात जास्त कळला. आमच्या साच्यावर शेकडो चात्या फिरत असतात. धागे तुटतातच, कुणीही कितीही चांगला कामगार असो. सगळ्या चात्यांचा विचार करत बसलात तर डोकं फिरेल. आपण फक्त साच्याच्या बाजूनं चालत राहायचं, तुटलेला धागा दिसला की सांधायचा, पुढं जायचं. मोठं काही करायचं नसतं. पण एक तुटलेला धागा 'परतताना बघू' म्हणून सोडला तर त्याचा कापूस रोलरला गुंडाळत जातो आणि शेजारचा चांगला धागाही तुटतो. मग साचा थांबवून चाकूनं कापूस कापत बसा.

आम्ही आमच्या गटात एक साधी गोष्ट सुरू केली. काम घेणाऱ्यानं ते कुणासाठी आहे त्या माणसाचं नाव वहीत लिहायचं. 'श्रावणबाळचे अर्ज' असं नाही, म्हातारीचं नाव. आणि खिडकीला एकटं जायचं नाही, दोघांनी जायचं. दोघं असले की कारकून कमी खेकसतो आणि भ्या निम्मं होतं. त्या पोराचं कामही असंच झालं. दोघं जण गेले आणि एका सकाळीत दाखला मिळाला. तीन महिने ज्याला भ्याले ते काम पावणेदोन तासांचं होतं.

एक काम मात्र असं आहे की ज्याला वही पुरणार नाही. १९५६ साली नागपूरला दीक्षा घेताना जो पोरगा पंधरा वर्षांचा होता तो आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. ह्या माणसांनी बाबासाहेबांना डोळ्यांनी पाहिलंय. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवारांनी चळवळीतल्या बायांना शोधून, त्यांच्या तोंडून ऐकून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं, ते १९८९ मध्ये आलं. तेव्हा त्या बाया होत्या. त्यांनी 'बघू' म्हटलं असतं तर ते पुस्तक आज कुणालाच लिहिता आलं नसतं. आमच्या वस्तीत अशी दोन माणसं उरलीत. त्यातली एक आजी, दीक्षेविषयी विचारलं की आधी बरोबर किती भाकरी बांधून घेतल्या होत्या ते सांगते, मग रेल्वेतली गर्दी, मग पांढरं लुगडं कुणाकडनं उसनं आणलं ते. पुढं सांगताना तिला धाप लागते. मोबाईल सगळ्यांकडं आहे, आवाज भरून घ्यायला पैसे पडत नाहीत. ह्या रविवारी माझी पहिली पाळी आहे, तीनला सुटते. आजी दुपारची झोप काढून चारला दारात बसते. ज्याला यायचं त्यानं पावणेचारला बुद्धविहारापाशी यावं. वही-पेन आणा, एकाचा मोबाईल बंद पडला तर दुसऱ्याचा असावा.